मीटरने २७१ व्होल्ट दाखवले! – हातातल्या यंत्राची बॅटरी बदलायची वेळ तुम्ही कशी ओळखता?

सोल्डरवाला
मंडळी, आधी फजिती सांगतो, मग प्रश्न.

गेल्या रविवारी मिक्सरमधून करपट वास आला म्हणून सहज मल्टिमीटर काढला आणि भिंतीवरच्या प्लगात घातला. आकडा आला २७१. डोळे चोळून परत बघितलं. २७१. शेजारच्या काकूंकडे जाऊन मोजलं, तिथे २६९. म्हटलं आता अख्ख्या बिल्डिंगचे फ्रिज-टीव्ही जाणार. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना प्लग काढायला लावले, तक्रार नोंदवली, आणि स्टॅबिलायझर मागवायला बोट बटणावर ठेवलंच होतं, तेवढ्यात वायरमन आला. त्याने स्वतःचा मीटर लावला: २३६. मग माझा मीटर हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि अगदी शांतपणे विचारलं, "साहेब, यातली बॅटरी कधी बदललीय?"

आठवेना. मीटर घेतल्यापासून बदललीच नसावी. स्क्रीनच्या कोपऱ्यात बॅटरीचं एवढंसं चित्र दिसत होतं, पण ते मी छापीलच आहे असं समजत होतो. :(

तर प्रश्न असा. टॉर्च मंद झाली की आपल्याला कळतं. पण मीटर, ग्लुकोमीटर, बीपीचं यंत्र, रिमोट यांचं काय? तुम्ही चिन्हाची वाट बघता, ठरावीक तारखेला बदलता, की बंद पडेपर्यंत वापरता?

फिरकी
आमच्याकडे पद्धत ठरलेली आहे. बाबांनी रिमोट तळहातावर तीनदा आपटला की सेल उतरलेत. सहा वेळा आपटला की संपलेत. त्यापुढे गेलं की रिमोट बदलायचा.

ओवी
आपटल्यावर सेल गोल फिरवायचे राहिले की! मागचं झाकण काढून अंगठ्याने सेल गरगर फिरवले की आणखी पंधरा दिवस निघतात. झाकण केव्हाच हरवलेलं असतं आणि सेल रबरबँडने धरलेले असतात, हा भाग वेगळा.

आमच्या गावी (सातारा जिल्हा) आजोबांचा रेडिओ होता. त्याचे 'मसाले', म्हणजे सेल, उतरले की आजी ते पापडांच्या शेजारी गच्चीवर उन्हात ठेवायची. संध्याकाळच्या बातम्यांपुरते ते चालायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शहरात आल्यावर दुकानदाराकडे 'रेडिओचे मसाले द्या' म्हटलं, तर त्याने मला किराणा दुकानाचा रस्ता दाखवला.

कट्ट्यावरचा
@सोल्डरवाला, प्रश्नच चुकला. मराठीत 'बॅटरी' म्हणजे टॉर्च. तिच्यात घालतात ते सेल. आमचे मामा म्हणायचे, "बॅटरीतले सेल काढून घड्याळात घाल, आणि बॅटरी चार्जिंगला लाव." यातली दुसरी बॅटरी मोबाईलची. आम्हाला बरोब्बर कळायचं.

सोल्डरवाला
हाहा, मान्य. पण माझ्या मीटरमध्ये ती चौकोनी नऊ व्होल्टवाली आहे. तिला सेल म्हणवत नाही.

एक_ओहम
म्हणवत नाही हेच बरोबर. ती खरोखरच बॅटरी आहे: आत दीड-दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. जुनी झालेली उघडून बघा, पण जपून.

आता २७१ चं गणित. सोपं करून सांगतो. तुमचा मीटर स्वतः काहीच 'ओळखत' नाही. बाहेरचा व्होल्टेज आधी ठरावीक प्रमाणात लहान करायचा आणि मग तो आतल्या एका ठरलेल्या व्होल्टेजशी ताडून बघायचा, एवढंच त्याचं काम. हा ठरलेला व्होल्टेज म्हणजे वाण्याचं वजनाचं माप समजा. एक किलोचं माप झिजून नऊशे ग्रॅमचं झालं, तर तेच बटाटे तराजूवर जास्त भरतात. बटाटे वाढले नाहीत, माप घटलं.

स्वस्त मीटरमधली चिप हे माप नऊ व्होल्टच्या बॅटरीतूनच तयार करते. बॅटरी साधारण सात व्होल्टपर्यंत उतरली तरी माप स्थिर राहतं. त्याखाली गेली की मापही खाली सरकायला लागतं आणि स्क्रीनवरचा आकडा वर चढतो. म्हणून बॅटरी उतरलेला मीटर सहसा कमी नाही, जास्त दाखवतो. तुमच्या शेजारच्या काकूंकडेही तेवढाच जास्त आकडा आला ना? विजेचा दोष असता तर मिक्सरच्या वासापेक्षा बरंच काही घडलं असतं.

सोल्डरवाला
बटाट्यांनी डोक्यात प्रकाश पडला. आणि मी काकूंकडचा आकडा पुरावा म्हणून ग्रुपवर टाकला होता!

लेथमास्तर
भोसरीत लहान वर्कशॉप आहे माझं. आमच्याकडे हा रोजचा विषय.

डिजिटल व्हर्नियर, म्हणजे जाडी-व्यास मोजायचं यंत्र. पोरं म्हणतात, "सर, आकडे लुकलुकतायत, व्हर्नियर गेलं." गेलं नाही रे बाबा, बटण सेल उतरलाय. आमच्याकडच्या व्हर्नियरमध्ये आकडे लुकलुकले म्हणजे सेल बदल, असं सरळ गणित आहे. तरी एकदा एका पोराने लुकलुकत्या आकड्यांवर वीस बुशिंगं (धातूच्या छोट्या नळ्या) लेथवर टर्न केली. सगळी भंगारात. दोष त्याचा नाही, मी सांगितलंच नव्हतं.

दोन गोष्टी अनुभवाने शिकलो. एक, त्यात एलआर४४ बसतो तसाच एसआर४४ पण बसतो. आकार एकच. एलआर अल्कलाइन आहे, त्याचा व्होल्टेज वापराबरोबर हळूहळू घसरतो. एसआर सिल्व्हर ऑक्साइडचा आहे. तो जवळजवळ शेवटपर्यंत दीडच्या वर तग धरतो आणि मग एकदम बसतो. महाग आहे, पण मापाच्या यंत्रात मी तोच घालतो. दोन, स्वस्त व्हर्नियर बटण दाबून बंद केलं तरी आतून चालूच असतं, फक्त आकडे दिसत नाहीत. परत चालू केल्यावर शून्य जागेवर सापडतं ना, ते त्यामुळेच. महिनाभर वापरायचं नसेल तर सेल काढून डबीत ठेवायचा.

वाचनमात्र
इतकं कशाला? कंपनीने चिन्ह दिलंय ना! चिन्ह आलं की बदला, नाही आलं की नका बदलू. आधीच बदलणं म्हणजे पैसे आणि पर्यावरण दोन्हीचं नुकसान.

एक_ओहम
@वाचनमात्र, चिन्ह येतं हे खरं, पण यंत्र आरामात असताना बॅटरी ठणठणीत दिसते आणि कामाला जुंपली की बसते. म्हाताऱ्या बैलासारखं. गोठ्यात बघितला तर काय ऐट, आणि औताला जुंपला की दुसऱ्या तासाला बसकण. म्हणून नुसता सेल मीटरला लावून '१.४ आहे, चांगला आहे' म्हणण्यात फार अर्थ नाही. थोडा भार देऊन मोजायला हवं. काही मीटरवर १.५ आणि ९ असे सेल तपासायचे खास खटके असतात, ते हेच काम करतात.

वाचनमात्र
बैल मान्य. पण घरी कोण भार देऊन मोजत बसणार?

साजिरी
मी बसते. :) कारण मी पुण्यात आणि आईबाबा कोल्हापुरात.

बाबांचं बीपीचं यंत्र चार पेन्सिल सेलवर चालतं. गेल्या दिवाळीत फोन आला, "यंत्र एरर दाखवतंय, माझं काहीतरी बिघडलंय." ऐंशीच्या घरातल्या माणसाला यंत्र बिघडलंय असं आधी वाटत नाही, आपणच बिघडलोय असं वाटतं. रात्रीचा प्रवास करून गेले. पट्टा फुगताना पंपाचा आवाज दमलेला येत होता, घरघर असा. सेल बदलले आणि सगळं सुरळीत. तेव्हापासून कानावर भरवसा: पंपाचा सूर बदलला की सेल बदलायचे, चिन्ह येवो न येवो.

ग्लुकोमीटरचं मात्र वेगळं आहे. त्यात सीआर२०३२ ही चपटी बटण बॅटरी. आमच्या यंत्रात आधी चिन्ह येतं, नंतर ते पट्टीच घेत नाही. चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा गप्प बसतं, हे चांगलं. पण ते गप्प बसतं नेमकं पहाटे, उपाशीपोटी, बोट टोचून झाल्यावर. म्हणून एक जादा बॅटरी त्याच पाकिटात ठेवलेली असते. आणि बॅटरी बदलल्यावर तारीख-वेळ परत लावायला विसरू नका. आमच्याकडे एकदा तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदी चुकीच्या तारखांवर पडल्या होत्या.

रुग्णसेवक
साजिरीताईंच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. दवाखान्यात लोक यंत्र घेऊन येतात, त्यातल्या आकड्यांपेक्षा तारखांनीच आमचा गोंधळ जास्त होतो. आणखी एक. आकडा मनाला पटत नसेल, मग तो बीपीचा असो नाहीतर साखरेचा, तर आधी सेल बदलून परत मोजा. पण त्रास होत असेल, चक्कर येत असेल, तर सेल शोधत बसू नका. थेट डॉक्टर गाठा.

घाटवाट
ट्रेकवाल्यांचं दुःख कुणीच मांडलं नाही, म्हणून मी.

माझ्याकडे हातात धरायचं जीपीएस आहे, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. कंपनी २५ तास म्हणते. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना दुपारीच सेल निम्म्यावर आलेले दाखवले. घाबरून बदलले. संध्याकाळी परत निम्मे! चार चांगले सेल मी असेच उतरलेले समजून सॅकच्या तळाशी टाकले. घरी आल्यावर कळलं की यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार 'अल्कलाइन' होता आणि मी घातले होते रिचार्जेबल.

अल्कलाइन नवा असताना दीडच्या थोडा वर असतो आणि उतारावरून चालावं तसा खाली येतो. रिचार्जेबल, म्हणजे निकेल मेटल हायड्राइडचा, चार्जरमधून काढल्यावर थोडाच वेळ चढा असतो, मग १.२ च्या आसपास पठारावर चालतो आणि शेवटी सरळ कड्यावरून खाली. यंत्राला १.२ दिसले की त्याला वाटतं अल्कलाइनचा अर्धा घाट उतरून झाला. सेटिंग बदललं आणि तेच सेल दुसऱ्या ट्रेकला दोन दिवस पुरले.

थंडीचा प्रकार आणखी निराळा. हिमाचलमधल्या हमता पासला रात्री तंबूत ठेवलेलं जीपीएस सकाळी मेलेलं. सेल काखेत दहा मिनिटं धरले तर परत चालू! तेव्हापासून रात्री सेल स्लीपिंग बॅगमध्ये माझ्यासोबत झोपतात. बायकोला हे माहीत आहे, विचारू नका.

ओवी
म्हणजे आजीचं ऊन आणि तुमची काख, शास्त्र एकच?

एक_ओहम
बरंचसं एकच. गारठ्यात आतली रासायनिक क्रिया मंदावते, ऊब मिळाली की परत हलते. जुन्या मसाल्याच्या सेलला विश्रांतीचाही फायदा व्हायचा. वापरताना मधल्या कार्बनच्या दांडीभोवती क्रियेचा कचरा साचतो, पडून राहिला की तो जरा निवळतो. पण ऊन काही नवी वीज भरत नाही. आजीला उरलीसुरली हाती लागायची, एवढंच.

टोरांटोकर
इथे एक युक्ती फार प्रसिद्ध आहे. सेल टेबलावर दोन-तीन इंचांवरून उभा सोडायचा. 'थप्प' करून बसला तर नवा, टणकन उडाला तर संपलेला. सोल्डरवाले, मीटरचीही गरज नाही.

एक_ओहम
युक्ती अर्धी खरी. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हीच तपासली. अल्कलाइन सेलमध्ये जस्ताची पूड एका जेलमध्ये असते, त्यामुळे नवा सेल मऊ पडतो. वापरात त्या जस्ताचं झिंक ऑक्साइड होतं, कणाकणांत पूल तयार होतात, सेल आतून ताठ होतो आणि उडायला लागतो. गंमत अशी की हे उडणं निम्मा सेल शिल्लक असतानाच कमाल गाठतं, पुढे फारसं वाढत नाही. म्हणजे उडाला तर 'नवा नाही' एवढंच कळतं, 'संपला' हे नाही. आणि हे फक्त अल्कलाइनचं. आपले साधे लाल सेल नि रिचार्जेबल यांना लागू नाही.

फिरकी
आत्ता घरातले अकरा सेल फरशीवर टाकून बघितले. सात उडाले, तीन बसले, एक सोफ्याखाली गेला. खालच्या मजल्यावरून फोन आला.

काणकोणकार
तुमी सगळे 'कधी बदलायचे' यावर बोलताय, 'कधी काढायचे' यावर कोणी नाही. आमच्याकडे काणकोणात पावसाचे चार महिने हवा अशी की मीठ डब्यात पाणी होतं. मागे माझी महागडी वस्तू, हातातलं अँटेना-मीटर, पावसाळाभर कपाटात राहिलं. गणपतीत काढलं तर आत पांढरं पीठ.

अल्कलाइन सेल गळला की बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं पांढरं पीठ होतं. हाताला लावू नका, हातमोजे घाला. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन स्प्रिंग पुसायची, फसफसलं की समजा काम होतंय. मग जरा ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळवायचं. जुन्या मसाल्याच्या सेलमधून गळतं ते आंबट जातीचं, त्याला खायचा सोडा. माझं मीटर वाचलं, एक स्प्रिंग मात्र गेली.

तेव्हापासून मृगाच्या आधी सगळ्या बिनवापराच्या यंत्रांतले सेल बाहेर.

साजिरी
@काणकोणकार, एक नवा आणि एक जुना सेल एकत्र घातला तरी गळतो ना? आई नेहमी तसंच करते. "एकच खराब आहे, दुसरा कशाला फेकायचा?"

एक_ओहम
हो. चांगला सेल दमलेल्याला ओढत नेतो. दमलेला पार रिकामा झाला तरी त्यातून प्रवाह ढकलला जातोच, तो उलटा भरायला लागतो, आत वायू होतो आणि गळतो. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच पाकिटातले. काढलेले फेकू नका मात्र, त्यांची बदली करा. बीपी यंत्राने नाकारलेला सेल रिमोटमध्ये महिनोन्‌महिने चालतो, रिमोटने नाकारलेला भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळाला जेमतेम काही लागत नाही.

कट्ट्यावरचा
म्हणजे बीपी यंत्र ही नोकरी, रिमोट ही निवृत्ती आणि घड्याळ हा वृद्धाश्रम.

नाना_८१
मी कानाचं यंत्र लावतो, म्हणून चार शब्द. माझ्या बॅटऱ्यांना रंगाने ओळखतात: पिवळी १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळी ६७५. माझी निळी. तिच्या पाठीवर छोटी चिकटपट्टी असते. ती काढली की भोकांतून हवा आत जाते आणि बॅटरी जागी होते. पट्टी काढून तीन-चार मिनिटं तशीच ठेवावी, मग घालावी, हे मला फार उशिरा कळलं. आणि एकदा पट्टी काढली की वापरा नाहीतर नका वापरू, तिचं आयुष्य सुरू झालं. परत चिकटवून ती झोपत नाही.

ही शेवटपर्यंत उत्तम ऐकवते आणि मग एकाएकी संपते. आधी यंत्र कानात टुकटुक करतं, पण ते नेमकं कीर्तन रंगात आल्यावर. म्हणून मी टुकटुकीची वाट बघत नाही. एका एकादशीला नवी घातली की पुढच्या एकादशीला बदलतो. तेवढे दिवस माझी निळी सहज जाते. सौ. म्हणते, "उपासाचं विसराल, बॅटरीचं नाही."

वाचनमात्र
नानांपुढे माझी हार. चिन्हाची वाट बघणं सगळीकडे चालत नाही, कबूल. पण टाकायचे कुठे हे कोणी सांगा. ओल्या कचऱ्यात टाकवत नाहीत.

लेथमास्तर
२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी छोटे सेलही परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. तुमच्या महापालिकेच्या ई-कचरा गाडीला विचारा. आमच्याकडे तोवर एका बरणीत साठवतो. बटण आणि नऊ व्होल्टच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, नाहीतर बरणीतच एकमेकांना चिकटून तापतात. आणि बटण सेल पोरांच्या हाताला लागू देऊ नका. गिळला तर तासा-दोन तासांत अन्ननलिका भाजते. वाट न बघता दवाखाना.

सोल्डरवाला
धागा एवढा पळेल असं वाटलं नव्हतं. अहवाल देतो.

काल नवी नऊ व्होल्टची बॅटरी घातली. प्लग: २३५. जुनी बॅटरी नव्या बॅटरीच्या मीटरने मोजली: ६.३. (आधी मला ती त्याच मीटरने मोजायची होती. तिला काढल्यावर मीटर बंद पडतो, हे लक्षात यायला पाच मिनिटं लागली. बायको बघत होती.) काकूंकडे जाऊन परत मोजून दिलं आणि ग्रुपवर माफी टाकली.

लेथमास्तर आणि एक_ओहम यांच्यामुळे आता सवय लावून घेतोय: काही मोजण्याआधी जिथला आकडा माहीत आहे असा एक चालू प्लग मोजायचा, मग हवं ते, मग परत तोच प्लग. वायरमन म्हणाला ते सगळेच असं करतात, कारण त्यांच्या कामात मीटर खोटं बोलला तर ग्रुपवर माफी मागायला माणूस उरत नाही.

शिवाय बॅटरीवर मार्करने तारीख लिहून टाकली.

एक_ओहम
शाबास. मिक्सरचं काय झालं पण?

सोल्डरवाला
अरे हो. कार्बन ब्रश झिजले होते. दुकानात बदलून आणले.

फिरकी
आमच्याकडेही मीटर आला, या धाग्यामुळे. आज बाबांनी रिमोट सहा वेळा आपटला, मी धावत जाऊन सेल मोजले. दोन्ही १.५२, भार देऊन. रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, जांभळा दिवा चमकतोय. म्हणजे रिमोटही ठीक. अर्धा तास शोधलं.

केबलचा रिचार्ज संपला होता.